सातव्या घरातल्या नऊ विटा

ताईचं पत्र आलं त्याला सहा वर्षं होऊन गेली होती आणि पंडितने त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. हरवलं असतं तर सोय झाली असती. ते त्याच्या टेबलावरच्या जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश दिवसातून चार वेळा उघडावा लागायचा, त्यामुळे पत्रही दिवसातून चार वेळा भेटायचं. पत्र भेटलं की तो पान उलटायचा.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. ताईला लांबण लावायची सवय नव्हती.

"पंडित, आपली ओळ पाडणार आहेत. वारसा समितीची बाई घर बघून गेली. म्हणाली, भिंतीला गिलावा, खाली फरशी, यात जुनं काय राहिलंय? मी तिला चुलीमागच्या विटांचं सांगितलं. ती म्हणते, राहणाऱ्याचं म्हणणं धरत नाहीत. भिंतीला आता मी हात लावायचा नाही, तशी नोटीस आहे. पण ज्याचा घरात वाटा नाही अशा माहितगाराने लेखी दिलं, की कुठल्या भिंतीत काय आहे आणि कशामुळे आहे, तर समिती स्वतः गिलावा काढून बघेल. असा माणूस आता तूच उरलास. चाळीस दिवस आहेत. तुला लिहायची सवय आहे. लिही. ताई."

पंडित हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो संध्याकाळी ओट्यावर बसून ओळीतल्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, तेव्हा कोणीतरी ते चिकटवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुका काढायच्या, कोपऱ्यात सही करायची, पान पुढे पाठवायचं. स्वतःचं एक वाक्यही त्याने कधी छापायला दिलं नाही. घरातला आपला वाटा त्याने फार पूर्वीच ताईच्या नावे करून दिला होता. ताई आणि तिचा मुलगा तिथे राहत होते, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या गराड्यात एकटा. साक्षीदार म्हणून तो अगदी नियमात बसत होता.

ओळ म्हणजे वीटकारखान्याच्या मागची बावीस बैठी घरं. पुढे एक खोली, मागे एक खोली, त्यामागे पत्र्याची पडवी. कारखान्याने फक्त जागा दिली होती, घर ज्याचं त्याने बांधायचं. विटाही मिळायच्या, पण ज्या विकायच्या लायकीच्या नाहीत त्या: जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकलेल्या, कोपरा उडालेल्या. कारखान्यात त्यांना नापास विटा म्हणायचे. असल्या विटांची भिंत उभी राहते, पण सरळ राहत नाही. बाकी कुठे चालून जातं. चुलीमागे चालत नाही. तिथे वाकडी वीट तापली की तडकते, सांध्यातून धूर शेजारच्या घरात जातो आणि शेजारीण तुमच्या घरी येते.

म्हणून ओळीत एक रीत पडली होती. पाळीवरच्या कोणाचं लग्न ठरलं की बाकीचे गडी भट्टी रचताना एकेका चांगल्या, अर्धओल्या विटेच्या कडेत अंगठा दाबायचे. एका माणसाने एकच वीट. भट्टी उतरली की मुकादम हातात काठी घेऊन विटा निवडायला यायचा, आणि अंगठा उमटलेली वीट काठीने बाजूला लोटायचा. नापास. ती नापास ढिगात गेली की तिथून उचलायला कोणाची आडकाठी नव्हती. अशा सरळ, पक्क्या, खणखणीत विटा नवऱ्या मुलाच्या चुलीमागे बसवल्या जायच्या, आणि अंगठे खोलीकडे तोंड करून, म्हणजे लग्नाला कोण कोण आलं होतं ते कायम दिसावं. मुकादम काही दुधखुळा नव्हता. एकदा त्याने एकाला अंगठा दाबताना पकडला आणि पंधरा दिवस घरी बसवलं. त्या माणसाच्या घरी पंधरा दिवस ओळीने जेवण पुरवलं, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा अंगठे उमटले.

सातव्या घरात चुलीमागे असे अंगठे होते. बाबांच्या लग्नाचे.

एवढंच लिहायचं होतं. कोणत्याही पोराने एका पानात लिहिलं असतं. पंडित पहिल्याच दिवशी लिहायला बसला आणि तिसऱ्या ओळीवर अडला. विटा किती होत्या? पाळीवर बाबांखेरीज नऊ गडी होते, पण गाडीवाले दोघे धरले तर अकरा. त्यांनीही अंगठे दिले होते का? त्याने आधी नऊ लिहिलं, मग अकरा, मग "सुमारे दहा", आणि मग कागद फाडला. छापखान्यात त्याच्या गुरूने पहिल्या दिवशी शिकवलेला नियम होता: शंका असेल तर पान सोडू नये, अडवून धरावं. चाळीस वर्षं त्याने हा नियम पाळला होता आणि त्यासाठी शाबासकी घेतली होती. आता त्याने तोच नियम बहिणीच्या घराला लावला. ग्रंथालयात जाऊन वीटकारखान्याची जुनी अहवालपुस्तकं काढली. त्यांत यंत्रं होती, मालकांचे फोटो होते. अंगठे कुठून असणार?

चौदा कच्चे मसुदे झाले. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा शुद्ध होता आणि एकही पोस्टात गेला नाही.

नऊ की अकरा, हे खरं तर निमित्त होतं. ताईने लिहिलं होतं, काय आहे आणि कशामुळे आहे. विटांवर गिलावा कशामुळे आला, हे लिहायचं म्हटलं की त्याच्या लेखणीची शाई वाळायची.

शाळेत तो पहिला यायचा. वर्गातली मुलं म्हणायची, नापास घरातला पहिला नंबर. म्हणायची आणि भिंत तिरकी झाल्यासारखी मान तिरकी करून दाखवायची. चौथी संपताना शाळेचे मास्तर म्हणाले, तुझ्या पुढच्या शिक्षणाविषयी वडिलांशी बोलायला रविवारी घरी येतो. पंडित घरी आला आणि चुलीपाशी उभा राहून रडला. मास्तरांना हे दिसेल, म्हणाला. या काळ्या वाकड्या विटा, आणि हे लोकांचे अंगठे. आपल्या घराला साधी भिंतसुद्धा नाही. बाबा जेवत होते. त्यांनी ताट पूर्ण केलं आणि हात धुतला. शनिवारी कामावरून येताना चुना घेऊन आले. पुढच्या खोलीपासून सुरुवात करून शेवटी चुलीमागच्या भिंतीशी पोचले. तिथे थापी घेऊन बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि मग एकेक अंगठा बुजवत गेले. मास्तर रविवारी आले, पुढच्या खोलीत दहा मिनिटं बसले. मागच्या खोलीत त्यांनी डोकावलंसुद्धा नाही.

हे समितीला कसं लिहायचं? आणि समितीला लिहिलं तर ताई वाचणार. ताईला हे माहीत नाही, असं तो साठ वर्षं धरून चालला होता.

एकेचाळिसाव्या दिवशी त्याला उगीचच हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्याला लगेच लाज वाटली. महिन्याभराने भाच्याचा फोन आला. मामा, झालं, म्हणाला. सकाळी सामान काढलं, दुपारी घर गेलं. एवढंसं तर होतं, यंत्राला दोन तास पण लागले नाहीत. भाच्याला बदल्यात चौथ्या मजल्यावर घर मिळालं होतं. पंडित वर्षातून दोन-तीनदा तिथे जायचा. गुडघे, पाण्याची वेळ, बंद पडलेली लिफ्ट यांच्याबद्दल बोलायचा. ताईने पत्राचा विषय कधी काढला नाही. तो निघाला की ती फक्त दारापर्यंत यायची आणि म्हणायची, जपून उतर. त्या दोन शब्दांवर तो चारही मजले विचार करत उतरायचा.

भिजत पडलेलं हे घोंगडं असंच भिजत राहिलं असतं. पण या वर्षी छापखान्याच्या मालकाने त्याच्याकडे एक काम पाठवलं. निवृत्तीनंतरही अधूनमधून असं काही यायचं. आठ पानांची पुस्तिका होती, मुखपृष्ठावर बैठ्या घराचं चित्र आणि नाव: कामगाराचं घर, एक जतन केलेला वारसा. मालकाने फोनवर बजावलं, "फक्त शुद्धलेखन बघा. मजकुरात हात घालू नका, वरून मंजूर होऊन आलाय."

पंडितने वाचलं. वीटकारखान्याच्या कामगार वस्तीतलं एकमेव शिल्लक घर, बाविसाव्या क्रमांकाचं. साधं, नेटकं, तत्कालीन श्रमिकाच्या जीवनाची साक्ष देणारं. चुलीमागे कारागिरांनी हौसेने उमटवलेल्या अंगठ्यांची दुर्मिळ नक्षी.

बाविसावं घर मुकादमाचं होतं.

त्याने पुस्तिका खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. बाविसाव्या घरात तीन खोल्या होत्या. ते पास विटांचं होतं, ओळीतलं एकमेव. मुकादमाच्या नातवाकडे बांधकामाचा नकाशा होता, फोटो होते, परवानगीचा कागद होता. समितीला कागद लागत होते, त्याच्याकडे होते. इतकी साधी गोष्ट. पंडितने अकरा स्वल्पविराम दुरुस्त केले, दोन जोडाक्षरं सरळ केली, कोपऱ्यात सही केली आणि मुद्रित परत पाठवलं. मजकुराला हात लावला नाही.

मग मात्र त्याला घरात बसवेना. तिसऱ्या दिवशी तो ते घर बघायला गेला.

ओळीच्या जागी दोन उंच इमारती होत्या आणि त्यांच्या मधोमध बाविसावं घर. भोवती हिरवळ, हिरवळीला साखळी. दारावर पितळी पाटी. दाराशी एक गप्पिष्ट पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. आज आलेले तुम्ही दुसरेच, म्हणाला, पहिला पत्ता विचारायला आला होता.

"हे मुकादमाचं घर ना?" पंडितने विचारलं.

"छे हो, कामगाराचं. पाटीवर लिहिलंय की."

पुढच्या खोलीत लोखंडी साचा, घमेलं, एक जुना सदरा खिळ्याला टांगलेला. सदरा बाबांच्या मापाचाही नव्हता आणि मुकादमाच्याही. मागच्या खोलीत खोटी चूल होती, तिच्यावर खोटं भांडं. आणि चुलीमागे, सपाट पिवळ्या भिंतीत, एका रांगेत बसवलेल्या विटा. प्रत्येकीत एक अंगठा. खाचांत अजून गिलाव्याचा चुना अडकलेला होता.

पंडितने मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच. गाडीवाल्यांनी अंगठे दिले नव्हते.

पहारेकरी मागोमाग आला होता. माहिती द्यायची त्याला हौस होती. या विटा मुळात इथल्या नव्हत्या, म्हणाला; पलीकडचं एक घर पाडताना ढिगाऱ्यात सापडल्या, नातूसाहेबांनी ओळखून उचलल्या आणि इथे शोभेला लावून दिल्या. लोकांना जास्त करून हेच बघायचं असतं.

कडेच्या विटेतला अंगठा मधोमध चिरलेला होता. ओळीत असा एकच माणूस होता. तरुणपणी साच्याच्या पट्टीत त्याच्या अंगठ्याच्या दोन फाका झाल्या होत्या. तो पाळीवर बाबांच्या शेजारी उभा राहायचा, आणि पंधरा दिवस घरी बसवलेला तोच. पंडितला तो कडेवर घ्यायचा आणि म्हणायचा, वाच रे पंडित, आज जगात कोणाचं काय बिघडलं. त्याचा अंगठा आता मुकादमाच्या घरात हौसेची नक्षी होऊन बसला होता. पंडितने हात पुढे केला आणि आपला अंगठा त्या खाचेत टेकवला.

"हात लावू नका, आजोबा," पहारेकरी म्हणाला. "वारसा आहे तो."

पंडित तिथून थेट ताईकडे गेला. लिफ्ट बंद होती. चार मजले चढून तो दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. ताई खिडकीशी बसून भाच्याच्या सदऱ्याचं बटण लावत होती. भाचा कामावर होता. तिने पाणी दिलं, तो प्यायला, आणि एकदम म्हणाला, "नऊ आहेत."

ताईने काय नऊ, असं विचारलं नाही. दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मोजून आलास?"

त्याने सगळं सांगितलं. पुस्तिका, बाविसावं घर, पाटी, विटा, चिरलेला अंगठा. नऊ की अकरा ठरेना म्हणून पत्र अडल्याचंही सांगितलं. बोलता बोलता त्यालाच ते कारण इतकं किडकं वाटलं, की त्याने मध्येच थांबून पुन्हा पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

"आणि ती पुस्तिका?" ताईने विचारलं. "सही केलीस?"

"केली."

"वा. म्हणजे मुकादमाचं घर तूही पास केलंस."

ताईने दुसरं बटण शोधायला डबी उघडली. डबीत नाना रंगांची बटणं होती. ती एकेक उचलून सदऱ्याशी लावून बघत होती आणि परत टाकत होती. मग डबीतून नजर न काढता म्हणाली, "नऊ की अकरा म्हणून तू अडला नाहीस. मला काय खुळी समजतोस? मास्तर येणार म्हणून गिलावा झाला, ते लिहायला नको म्हणून अडलास."

पंडितला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुला माहीत होतं?"

"चुना कोणी कालवला? बाबांना एका वेळी थापी चालवणं आणि चुना कालवणं दोन्ही जमत होतं का? तू ओट्यावर पुस्तक घेऊन बसला होतास, मी आत चुना कालवत होते. बाबा म्हणाले, पोराला लाज वाटते, त्याची चूक नाही. कोणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. माझ्या पोरालाही नाही आणि तुलाही नाही."

खालून कुठून तरी पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. पंडित म्हणाला, समितीला आता लिहितो, पाटी बदलायला लावतो, त्या विटा कोणाच्या ते सांगतो. मालकालाही कळवतो, पुस्तिका थांबवतो. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, बैल गेला नि झोपा केला. पाटी बदलून चूल पेटणार आहे का? समितीच्या त्या बाईने काय केलं माहीत आहे का, घर बघून मला विचारलं, यात खास काय? मी म्हटलं, खास काही नाही बाई, माणसं राहिली. ते तिच्या कागदावर कुठल्याच रकान्यात बसेना. म्हणून तुला लिहिलं. तुला शब्द येतात म्हणून.

"ताई, तू एकदा आठवण करायचीस."

"मी काय गजराचं घड्याळ आहे?"

तिला बटण सापडलं होतं. मूळच्यापेक्षा जरा फिकट होतं, पण चालण्यासारखं. सुईत दोरा ओवायला तिने सदरा आणि सुई दोन्ही त्याच्याकडे दिली, आणि चष्मा वरखाली करूनही त्याला नेढं सापडेना, तेव्हा शेवटी तिनेच परत घेऊन ओवला.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"ते तोंडी नको," ताई म्हणाली. "मी पत्र पाठवलं होतं. उत्तर पत्राने येऊ दे. समितीचं तुझं तू बघ. पण आधी मला."

तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. गुडघे दुखत असतील, असं त्याने स्वतःला चारही मजले सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो टेबलाशी बसला. शब्दकोशातून ताईचं पत्र काढलं आणि समोर ठेवलं. पंधरावा मसुदा लिहायचा नाही, असं ठरवून थेट चांगल्या कागदावर लिहायला घेतलं. तिने जे विचारलं होतं त्याच क्रमाने लिहिलं. सातव्या घराच्या मागच्या खोलीत, चुलीमागच्या भिंतीत, नऊ चांगल्या विटा होत्या. त्या नऊ माणसांनी मुद्दाम बिघडवल्या होत्या, कारण न बिघडलेली वीट त्यांना मिळत नव्हती. आमच्या वडिलांनी त्यांच्यावर गिलावा केला, कारण मला त्या घराची लाज वाटत होती. त्या घरात राहून मी वाचायला शिकलो. ते घर वाचवायला एक पान पुरलं असतं, ते मी दिलं नाही. आणि मागच्या आठवड्यात मुकादमाचं घर कामगाराचं आहे असं लिहिलेल्या मजकुरावर मी सही केली. हे सगळं मला माहीत आहे म्हणून लिहून देत आहे. खाली त्याने आपलं खरं नाव लिहिलं. ते नाव त्यालाच परक्यासारखं वाटलं. म्हणून त्याखाली त्याने "पंडित" असंही लिहिलं.

पान एकच झालं. त्याने ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर अडवून धरलं असतं.

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती, दूधकेंद्राच्या शेजारी. पाकीट अर्धं पेटीच्या तोंडात असताना त्याला आठवलं, की बाबांच्या शेजारी उभा राहणाऱ्या त्या माणसाचं नाव पत्रात राहिलंच. नऊपैकी एकाचंही नाव त्याने लिहिलं नव्हतं. ताईला सगळी आठवत असतील. त्याला तीनच आठवत होती, आणि त्यातल्या एकाबद्दल शंका होती. त्याची बोटं पाकिटावर घट्ट झाली. मागे दूध घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, काका, टाकताय की काढताय?

त्याने पाकीट सोडलं. ते आत कशावर तरी हलकंच आपटल्याचा आवाज आला.

पेटीवर टपाल उचलण्याची वेळ लिहिलेली होती. चार वाजता. त्याने घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.